सव्वा फूट

पावसाळ्यात लोणावळ्यात कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही. "किती झाला?" असं विचारतात. झाला म्हणजे पाऊस. चोवीस तासांत किती मिलिमीटर, हंगामाचा एकूण किती आणि गेल्या वर्षी आजच्या तारखेला किती होता. सकाळीच आकडा मोबाइलवर येतो, मग टपरीवर त्याची उजळणी होते. एकूण आकडा चार हजारांच्या पुढे सरकला की आमच्या चेहऱ्यावर असा काही भाव येतो, जणू तो आम्हीच पाडलाय. मीही रोज विचारतो. फरक इतकाच की, एका दिवसात दोनशेच्या वर झाला असं कळलं की माझा चहाचा ग्लास हातातच राहतो. एवढ्या पावसात खालच्या काकूच्या घरात पाणी शिरलेलं असतं आणि ते माझ्या अंगणातून गेलेलं असतं.

हे वाक्य स्वतःशी पुरतं म्हणायला मला बारा वर्षं लागली.

आमचं घर तुंगार्लीत, डोंगराच्या पायथ्याशी. वडील रेल्वेत नोकरीला आणि उरलेल्या वेळात शेतकरी. खरं तर उलटं म्हणायला हवं. चार खाचरं होती, एकाखाली एक. आधी आंबेमोहर व्हायचा. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण आलं, तेव्हा वडिलांनी दोन-तीन वर्षं दुसऱ्यांच्या शेतातलं पीक बघितलं आणि मग आपल्या एकाच खाचरात लावलं. कुठल्याच गोष्टीवर पहिल्या वर्षी त्यांचा विश्वास नसे. डोंगरावरचं पाणी खाचरात घुसून आवणीची रोपं वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांनी बांधाच्या कडेनं चर खणला होता. तीन फूट रुंद. खोली अशी की लहानपणी मी आत उभा राहिलो तर डोकं तेवढं बाहेर दिसायचं. आमच्या शेवटच्या खाचरापाशी तो वळायचा आणि काकूच्या घराला वळसा घालून ओढ्याला मिळायचा. मृग लागायच्या आधी वडील आणि काका, म्हणजे काकूचा नवरा, दोघं मिळून तो उपसायचे. काकू दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी आणून बांधावर ठेवायची. चर नक्की कुणाचा, हा प्रश्न त्या काळात निघालाच नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद नव्हती.

वडील गेले. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाला, मुंबई दोन तासांवर आली आणि एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलू लागली. दोन खाचरं दादानं आणि मी मिळून विकली. पैसे मुलांच्या शिक्षणात आणि पुतणीच्या लग्नात गेले. याचा मला फारसा खेद नाही आणि नसलेला खेद इथं आणून मांडणार नाही. भातानं आमचं भागत नव्हतं. उरलेल्या जागेत २००९ साली मी बंगला बांधला. चार खोल्या, वर गच्ची, मागं एक हौद, ज्याला आम्ही पूल म्हणतो. शनिवार-रविवार भाड्यानं द्यायचा. त्याआधी वीस वर्षं मी एका चिक्कीच्या दुकानात हिशेब लिहीत होतो. (लोक विचारतात म्हणून सांगतो: लोणावळेकर चिक्की विकतो, पाहुण्यांना देतो, स्वतः सहसा खात नाही.) त्या वीस वर्षांत साठलं नाही तेवढं बंगल्यानं पाच वर्षांत दिलं.

आता चराकडे येतो. बंगल्याला पाहुणे येतात ते तीन-चार गाड्या घेऊन. रस्ता अरुंद. गाड्या रस्त्यावर लागल्या की शेजारी भांडायला यायचे आणि त्यांचं बरोबर होतं. गाड्या आत घ्यायच्या तर जागा एकच, चराच्या बाजूची. ठेकेदाराला बोलावलं. त्यानं चर बघितला, खाली काकूच्या घराकडे बघितलं आणि म्हणाला, "फुटाचा पाइप टाका, वरनं काँक्रीट करू." मी किंमत विचारली. मग सहा इंची पाइपाची विचारली. फरक साडेतीन हजारांचा होता. तो म्हणाला, "सहा इंचीनं भागणार नाही, पाला अडकेल." मी म्हणालो, "टाका हो, भागतं." वर पेव्हर ब्लॉक बसवले. अंगण देखणं झालं. फोटो काढून जाहिरातीत टाकले: चार गाड्यांसाठी स्वतंत्र पार्किंग.

साडेतीन हजार. त्या वर्षी शनिवारच्या एका रात्रीचं भाडं मी आठ हजार घेत होतो.

या मुलखात पाणी वळवायची रीत जुनी आहे. घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागतं म्हणून रेल्वेनं भुशीचं धरण बांधलं. आज लोक त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजतात आणि इंजिनाची आठवण कुणाला नसते. मग टाटांची तळी आली, लोणावळा, वळवण, शिरवता. ते पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवलं आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. आमच्याकडे मात्र वारा सुटला की आजही दिवे जातात. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापट धरणाविरुद्ध उभे राहिले, तरी धरण झालंच. आणि अगदी आमच्या डोळ्यांदेखतची गोष्ट म्हणजे पवनेची. धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, त्याला विरोध करायला मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघं जण गेले.

त्या आठवड्यात टपरीवर मी फार बोललो. वरच्यानं खालच्याचा विचार न करता पाणी अडवायचं, वळवायचं, याला अन्याय म्हणतात, असं माझं वाक्य होतं. लोकांनी माना डोलावल्या. एकानं माझ्या चहाचे पैसे दिले. त्यानंतर आठ महिन्यांनी, एप्रिल २०१२ मध्ये, मी चर बुजवला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. लबाडी करणाऱ्याला निदान आपण लबाडी करतोय हे ठाऊक असतं. मला तेवढंही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असलेलं मी कुठं तरी ठेवून विसरलो होतो.

दर तुकाराम बीजेला मी देहूला जातो. चुकलो तर एखाद्या वर्षी. घाटावर उभा राहून इंद्रायणीचं पाणी डोळ्यांना लावतो. ते पाणी आमच्याच डोंगरांवरून निघतं आणि त्यातलं थोडं वडिलांच्या चरातून जायचं, हे मी बरोबरच्या लोकांना कौतुकानं सांगतो. चर बुजवल्यानंतरही सांगत होतो.

शनिवार आमच्या आळीत कसा उजाडतो ते बाहेरच्यांना कळणार नाही. भाजी शुक्रवारीच आणून ठेवायची. दवाखान्याचं काम असेल तर अकराच्या आत उरकायचं, नंतर मावळा चौकातून गाडी हलत नाही. पुण्याहून लोकलनं येणारी पोरं स्टेशनवर उतरतात, मुंबईची मंडळी गाड्या घेऊन उतरतात आणि नाक्यावर आमचीच पोरं किल्ल्यांचा जुडगा हलवत त्यांच्या काचांपाशी उभी असतात. संध्याकाळी स्पीकर सुरू होतात. नगरपालिकेची गाडी सोमवारी येते, तोवर बाटल्यांची पोती फाटकापाशी. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साठ हजारांच्या आतच होती. पावसाळ्यातल्या रविवारी आपण किती जणांच्या मधोमध उभे आहोत ते कुणीच मोजत नाही.

या सगळ्याविरुद्ध मी तावातावानं बोलतो. "या पर्यटकांनी गावाची वाट लावली" हे वाक्य माझ्या तोंडून महिन्यातून वीस वेळा तरी निघत असेल. एकदा माझ्या मुलानंच विचारलं, "बाबा, आपल्या बंगल्यात येतात ते कोण?" मी म्हणालो, "ते फॅमिली आहेत." तो हसला आणि आत गेला. फॅमिली म्हणजे माझ्या शब्दकोशात पैसे आगाऊ देणारे. त्यांच्यातलेच काही जण रात्री दीडला गच्चीवर गात असतात आणि खाली काकूची नात दहावीचा अभ्यास करत असते. तिनं एकदा खिडकीला गादी लावून बघितली. मी ती गादी बघितली, तिचा अर्थ मला कळला आणि मी केअरटेकरला फोन करून "आवाज जरा कमी करायला सांग" म्हणालो. "बंद करायला सांग" म्हणालो नाही.

केअरटेकरचा विषय निघालाच आहे तर तेही लिहून टाकतो. नवरा-बायको दोघं, मराठवाड्यातली, मागच्या खोलीत राहतात. दोघांना मिळून मी महिन्याला जे देतो ते एका शनिवारच्या भाड्यापेक्षा कमी आहे. यावर मी पुढे काही लिहीत नाही, कारण यात मी अजून काही बदललेलं नाही.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं साऱ्या देशानं मोबाइलवर पाहिली. मीही पाहिली, जेवताना. आदल्या दिवशी माझ्याकडे आठ जण उतरले होते. त्यांनी विचारलं होतं, "काका, गर्दी नसलेला एखादा धबधबा सांगा ना." मी सांगितला होता. वाटेचा नकाशा कागदावर काढून दिला होता. धोका आहे का, असं त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "काही होत नाही, आमची पोरं रोज जातात." आमची पोरं रोज जात नाहीत. पाणी गढूळ झालं की डोंगरात वर पाऊस वाढलाय, मिनिटात बाहेर यायचं, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं असतं. ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलगी घाबरली असती आणि पुढच्या वेळी ती मंडळी महाबळेश्वरला गेली असती.

ती आठही माणसं सुखरूप परत आली. फोन करून मी खात्री केली, तेवढी माणुसकी शिल्लक होती. पण फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार कुठला आला, तेही सांगायला हवं. विचार आला की आता बंदी येणार, पुढच्या शनिवारचं बुकिंग जाणार. तसंच झालं. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघाले, धबधब्यांवर बंधनं आली. बंगलेवाल्यांच्या गप्पांत मी सगळ्यांत जोरात म्हणालो की, चार लोकांच्या बेफिकिरीची शिक्षा गावाला कशाला? चार नव्हते, पाच होते, असं कुणी तरी मला दुरुस्त केलं.

पुढच्या महिन्यातली, जुलैच्या २४ तारखेची रात्र. दुसऱ्या दिवशी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, ते बहुतेकांच्या लक्षात असेल. आमच्याकडे त्या रात्री पागोळ्यांचा आवाज वेगळा येईनासा झाला होता, नुसता एकसुरी घोष होता. पहाटे साडेचारला मी टॉर्च घेऊन बाहेर आलो. पेव्हर ब्लॉकवरून पाणी सपाट वाहत होतं, अंगणभर, घोट्याएवढं. सहा इंची पाइपाच्या तोंडाशी पाला, एक चप्पल आणि चिप्सची पाकिटं अडकली होती आणि तिथं पाणी भोवऱ्यासारखं फिरत होतं. मी काठीनं पाला ओढला. आत पुन्हा पाला. मग टॉर्च खाली वळवली.

काकूचं दार उघडं होतं. उंबऱ्यावरून पाणी आत जात होतं, अगदी निवांत, जसं रोजच जातं. मी धावत खाली गेलो. काकू साडी वर खोचून पातेल्यानं पाणी उपसत होती. तांदळाचा डबा कॉटवर, त्याच्यावर नातीचं दप्तर, त्याच्यावर देव. तिचं वय शहात्तर. मी म्हणालो, "काकू, पाऊसच एवढा झाला बघ." ती उपसता उपसता म्हणाली, "तू तुझ्या पाहुण्यांकडं बघ आधी. त्यांच्या गाड्या अडकल्या असतील."

टोमणा होता का? मी ते वाक्य पुष्कळ दिवस उलटसुलट करून पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. काकूच्या आवाजात तसं काही नव्हतं. मागं तिची सून उभी होती आणि तिच्या हातात माझ्या बंगल्याच्या चादरींचं गाठोडं होतं, भिजू नये म्हणून उंच धरलेलं. माझ्याकडच्या चादरी आणि अभ्रे तीच धुते. एका चादरीला पंधरा रुपये. पावसाळ्यात त्यांच्या घरातला रोख पैसा बहुतेक तेवढाच. घरात पाणी आलेलं असताना त्या बाईनं सगळ्यांत आधी माझ्या चादरी उचलल्या होत्या.

बारा वर्षं काकू का बोलली नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं. त्याआधी मी ते समजूतदारपणाच्या खात्यात टाकलं होतं. काकू समजूतदार आहे, तिला कळतं की पाऊस कुणाच्या हातात नसतो, असं मी घरी म्हणायचो. तिला चर पाठ होता. तो किती रुंद होता आणि कुठं वळायचा, हे तिनं चाळीस वर्षं बांधावर भाकरी ठेवताना बघितलं होतं. तिनं बोलायचं आणि सुनेचं काम जायचं, हा हिशेब तिच्या घरात झाला असणार. हिशेब लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली, तरी हा ताळेबंद मला दिसला नाही.

नंतरचे दोन-तीन महिने मी सबबी काढत होतो. डोंगरावर आता बंगले किती वाढलेत, वरच्यांनी ओढाच बुजवलाय, माझ्या एका चरानं काय होणार? हे खरंही आहे. वरच्या बाजूला दोन ठिकाणी ओढ्यावर भिंती आल्या आहेत. पण वरच्यांचं पाणी माझ्या अंगणात येतं तेव्हा त्यांना मी शिव्या देतो आणि तेच पाणी माझ्या फाटकातून खाली गेलं की तो पाऊस होतो. दुसरी सबब नगरपालिकेची: गटारं त्यांनी काढायला हवीत. हवीतच. तिसरी सबब सगळ्यांत चिवट निघाली. मी काकूला दिवाळीला साडी देतो, तिच्या नातवाला एका हॉटेलात मीच चिकटवलं, काका आजारी असताना गाडी मीच दिली होती. एका वहीत हे सगळं लिहून बघितलं. वाचल्यावर लक्षात आलं की यादीतल्या प्रत्येक गोष्टीनं काकूचं तोंड थोडं थोडं बंद केलं आहे. वही फाडली नाही, ठेवली आहे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, ठेकेदाराला पुन्हा बोलावलं. तोच माणूस, केस पांढरे झालेले. त्याला म्हणालो, काँक्रीट फोड, पाइप काढ, चर मोकळा कर. त्याला आठवत होतं. काही बोलला नाही, नुसती मान हलवली. काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "चारही गाड्यांची जागा जाणार की." मी म्हणालो, "जाऊ दे." रात्री झोप लागली नाही. सकाळी ठेकेदाराला म्हणालो, "एका बाजूला दोन गाड्या बसतील एवढं ठेवता येईल का?" त्यानं फूटपट्टी लावली. येत होतं. तेवढ्यात पाऊस आला. त्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबईत पोचला होता, इतक्या लवकर तो कित्येक वर्षांत आलेला नव्हता. काम थांबलं. मी सगळ्यांना सांगितलं, पावसानं थांबवलं. पुढच्या महिन्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला, चार माणसं गेली आणि टपरीवर मी पुन्हा म्हणालो, "लोकांना अक्कल म्हणून नाही." जीभ सवयीनं चालते.

पाऊस ऑक्टोबरात उघडला. नोव्हेंबर कोरडा होता, डिसेंबर कोरडा होता. ठेकेदाराचे दोन फोन येऊन गेले. जाहिरातीत आता "दोन गाड्यांसाठी पार्किंग" असं लिहिलं आहे आणि भाडं कमी केलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात काकूच्या घरात पाणी एकदाच गेलं, आधी चार-पाचदा जायचं. तिनं ते मला सांगितलं, आभार मानल्यासारखं. मी ते आभार घेतले.

काल टेप घेऊन अंगणात गेलो आणि मोजलं. चर सव्वा फूट उघडा आहे. वडिलांनी खणलेला तीन फूट होता.